पहिला परफेक्ट गेम जिंकणारा वूस्टरचा संघ तीन हंगामांत का संपला?

प्रश्न असा आला आहे: "१८८० मध्ये बेसबॉलमधला पहिला परफेक्ट गेम मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर या संघानं जिंकला असं वाचलं. पण १८८२ नंतर हा संघ कुठेच दिसत नाही. इतका चांगला संघ एवढ्या लवकर बंद का पडला? आणि हाच संघ पुढे फिलाडेल्फियाला जाऊन फिलीज झाला, हे खरं का?"

आधी थोडक्यात. नाही, फिलीज हा वूस्टरचा पुढचा अवतार नाही. आणि वूस्टर बंद पडला त्याचं मूळ कारण खेळात नाही, गेटवर जमणाऱ्या पैशात आहे. गाव लहान, प्रेक्षक कमी, त्यामुळे चांगले खेळाडू टिकेनात. खेळाडू गेले म्हणून संघ हरू लागला. हरू लागला म्हणून उरलेसुरले प्रेक्षकही गेले. १८८२ चा गुणतक्ता पाहून लोक म्हणतात की संघ वाईट खेळला म्हणून हाकलला. मी बेसबॉलचा स्कोअरर आहे. जुन्या सामन्यांचे छापील तक्ते एकमेकांशी ताडून बघणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, आणि त्या तक्त्यांवरून मला ही साखळी उलट्या दिशेनं दिसते. आता सविस्तर.

अमेरिकेत नॅशनल लीग १८७६ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या संघटनेत कुणीही वर्गणी भरून संघ उतरवायचा आणि हंगामाच्या मध्येच गाशा गुंडाळायचा. शिकागोचा विल्यम हल्बर्ट यानं ते बंद पाडून संघांची संख्या मर्यादित ठेवणारी लीग उभी केली. तिच्या नियमांत एक अट होती: शहराची लोकसंख्या निदान ७५,००० हवी, त्याहून लहान गावाला प्रवेश हवा असेल तर सर्व सदस्यांची संमती लागेल. वूस्टरची लोकसंख्या १८८० च्या जनगणनेत ५८,२९१ भरली. म्हणजे नियमानं या गावाचा नंबर लागतच नव्हता.

मग ते आत आलं कसं? १८७९ मध्ये सिरॅक्यूजचा संघ हंगाम पुरा न करता बंद पडला आणि लीगला आठवा संघ हवा होता. मोठी शहरं नव्हती असं नाही. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया ही देशातली सगळ्यांत मोठी दोन शहरं, पण त्यांचे संघ १८७६ च्या अखेरीस पश्चिमेकडचे ठरलेले दौरे करायला गेलेच नाहीत, म्हणून हल्बर्टनं दोघांनाही काढून टाकलं होतं. त्या दोन जागा पुढची सहा वर्षं रिकाम्या राहिल्या. वूस्टर, ट्रॉय, सिरॅक्यूज अशी मध्यम आकाराची गावं मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, दिसतात ती या पोकळीमुळे. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण शेवटी याच दोन शहरांसाठी वूस्टरला जागा खाली करावी लागली.

१८८० चा वूस्टरचा संघ खरोखर चांगला होता. व्यवस्थापक फ्रँक बँक्रॉफ्ट हा धडपड्या माणूस. आदल्या डिसेंबरात तो खेळाडूंना घेऊन थेट क्युबाला सामने खेळवायला गेला होता. कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) चार्ली बेनेट त्या काळातल्या अव्वल कॅचरांपैकी. हॅरी स्टोव्ही पहिल्याच वर्षी लीगमध्ये सर्वाधिक ट्रिपल (तिसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) मारणारा ठरला, आणि ६ होम रनसह (चारही बेसची फेरी पुरी करणारे फटके) तिथेही बरोबरीनं पहिला. शॉर्टस्टॉपवर, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, आर्थर अर्विन, ज्यानं पुढे फिल्डरच्या हातमोज्यात गादी भरून वापरण्याची रीत रूढ केली. आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ली रिचमंड, डावखुरा, ब्राउन विद्यापीठात शेवटच्या वर्षाला शिकणारा मुलगा.

१२ जून १८८० हा शनिवार होता. वूस्टरच्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर क्लीव्हलँडचा संघ आला होता. रिचमंडच्या कॉलेजात पदवीदानाच्या आधीचे समारंभ चालू होते, तिथून तो आगगाडीनं वूस्टरला पोचला आणि पिचिंगला उभा राहिला. क्लीव्हलँडचे २७ बॅटर आले आणि २७ आउट झाले. एकही जण पहिल्या बेसवर पोचला नाही. ज्यांना बेसबॉल नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो: एका संघाला ९ इनिंग मिळतात, प्रत्येक इनिंगमध्ये ३ आउट, म्हणून २७. हिट नाही, वॉक (पिचरनं ठरावीक संख्येनं चुकीचे चेंडू, म्हणजे 'बॉल', टाकल्यानं फुकट मिळणारा पहिला बेस) नाही, फिल्डरची चूक नाही, एकही माणूस कोणत्याही मार्गानं बेसवर नाही, तेव्हाच त्याला परफेक्ट गेम म्हणतात. २०२३ च्या हंगामाअखेर मेजर लीगच्या साऱ्या इतिहासात असे २४ सामने नोंदले गेले आहेत, आणि त्यातला पहिला या लहानशा गावात झाला.

आकडा वाचताना त्या वेळचे नियमही समोर ठेवायला हवेत, नाहीतर तुलना फसते. पिचर ४५ फुटांवरून चेंडू टाकायचा; आजचं अंतर ६० फूट ६ इंच आहे. हात खांद्यावरून आणायची परवानगी नव्हती. बॅटर चेंडू वर हवा की खाली हवा ते आधी सांगायचा आणि पिचरला तिथेच टाकावा लागायचा. वॉक मिळायला आज ४ बॉल लागतात, तेव्हा ८ लागत. एवढं ऐकून कुणालाही वाटेल की पिचरची चैनच होती. पण दुसरी बाजू पाहा: फिल्डर बहुतेक उघड्या हातांनी खेळत, मैदानं खडबडीत, आणि एकेका सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून दहा-बारा चुका तक्त्यात दिसणं ही रोजची गोष्ट. त्या काळात एका संघानं पूर्ण सामना एकही चूक न करता काढणं हीच मोठी कामगिरी. माझ्या मते या सामन्याचं निम्मं श्रेय फिल्डरांचं आहे.

त्यातला एक आउट मी नेहमी नवीन स्कोअररना सांगतो. क्लीव्हलँडच्या बिल फिलिप्सनं चेंडू उजव्या मैदानात मारला. सरळ जमिनीवरून आत गेलेला, दहापैकी नऊ वेळा सिंगल ठरणारा, म्हणजे मारणाऱ्याला पहिल्या बेसवर पोचवणारा, फटका. राइट फिल्डर लॉन नाइट पुढे धावत आला, चेंडू उचलला आणि फिलिप्स पोचायच्या आत पहिल्या बेसवर चब सलिव्हनच्या हातात फेकला. आउट. आजच्या पद्धतीनं आपण त्याची नोंद ९-३ अशी करू: ९ म्हणजे राइट फिल्डर, ३ म्हणजे पहिला बेस. ९-३ हा आउट वर्षानुवर्षं स्कोअरिंग करूनही क्वचितच लिहायला मिळतो. त्या वेळी अशी आकड्यांची खूण नव्हती. छापील तक्त्यात कुणी किती आउट पूर्ण केले आणि कुणी किती आउटना मदत केली एवढे रकाने असत. आउटफिल्डरच्या मदतीच्या रकान्यात १ दिसला आणि त्या दिवशी समोरचा कुणीच बेसवर पोचलेला नसला, तर तो १ बहुधा असाच आलेला असतो. बेसवर माणूसच नाही तर त्याला टिपण्याचा प्रश्नच नाही. मारणाऱ्यालाच पहिल्या बेसवर बाद केलेलं असणार.

शेवटाकडे पावसाची सर आली, खेळ काही मिनिटं थांबला, मग पुन्हा सुरू झाला. समोरचा पिचर जिम मॅककॉर्मिक हाही उत्तम खेळला. वूस्टरला एकच रन मिळाली, तीही क्लीव्हलँडचा सेकंड बेसमन फ्रेड डनलॅप याच्या गफलतीवर. १-०. "परफेक्ट गेम" हे नावही तेव्हा रूढ नव्हतं. त्यानंतर पाचच दिवसांनी प्रॉव्हिडन्सच्या जॉन माँटगोमेरी वॉर्डनं बफेलोविरुद्ध हाच पराक्रम केला, आणि पुढचा नॅशनल लीगमध्ये थेट १९६४ मध्ये फिलीजच्या जिम बनिंगनं. ८४ वर्षांचं अंतर.

एवढं सगळं करून १८८० मध्ये वूस्टर ४० विजय आणि ४३ पराभवांसह आठ संघांत पाचवा आला. आठ संघांतल्या सगळ्यांत लहान गावांपैकी एकासाठी हा निकाल मी फार चांगला मानतो.

रिचमंडच्या आकड्यांवर थोडं थांबतो, कारण संघाची तब्येत तिथेच दिसते. १८८० मध्ये त्याच्या नावावर ३२ विजय आणि ३२ पराभव. म्हणजे संघाच्या ८३ निकाली सामन्यांपैकी ६४ सामन्यांचा निकाल एका माणसाच्या हातावर. १८८१ मध्ये २५ आणि २६. १८८२ मध्ये १४ आणि ३३. तीन वर्षांत संघानं एकूण ९० सामने जिंकले, त्यातले ७१ रिचमंडचे. मोठ्या शहरांच्या संघांनी दुसरा तोडीचा पिचर ठेवायला सुरुवात केली होती. शिकागोकडे लॅरी कॉर्करन आणि फ्रेड गोल्डस्मिथ अशी जोडी होती. वूस्टरला दुसऱ्या तशा पिचरचा पगार परवडणारा नव्हता. शिवाय १८८१ मध्ये लीगनं पिचिंगचं अंतर ४५ वरून ५० फूट केलं. थकलेल्या हाताला ते पाच फूट किती जड गेले असतील हे पिचिंग केलेल्या कुणालाही विचारा.

आता मुख्य घटनेकडे येतो, जी बहुतेक लेखांत सुटते किंवा वेगळ्या प्रकरणात जाते. १८८० च्या हंगामात सिनसिनाटीचा संघ मैदानावर बीअर विकू देत होता आणि रविवारी मैदान इतरांना भाड्यानं देत होता. सिनसिनाटी हे जर्मन वस्तीचं शहर, तिथे रविवारची दुपार आणि बीअर यात कुणाला काही वावगं वाटत नसे. न्यू इंग्लंडच्या धर्मनिष्ठ वातावरणातल्या वूस्टरला ते मुळीच पटलं नाही, आणि तक्रार करणाऱ्यांत वूस्टरचा आवाज मोठा होता. सिनसिनाटीचा पत्रकार ओ. पी. कायलर यानं वूस्टरवर कडवट लिखाण केलं. सोवळं वूस्टर म्हणजे मोकळंढाकळं सिनसिनाटी नव्हे, असा त्याचा रोख होता. ऑक्टोबर १८८० मध्ये लीगनं सगळ्यांकडून या दोन्ही गोष्टी बंद करण्याचं वचन मागितलं, सिनसिनाटीनं नकार दिला आणि त्याला काढून टाकण्यात आलं.

याचे दोन परिणाम झाले आणि दोन्ही वूस्टरच्याच मुळावर आले.

पहिला लगेच. सिनसिनाटीच्या रिकाम्या जागी डेट्रॉइटला घेतलं. १,१६,००० वस्तीचं वाढतं शहर, नवा संघ, हाताशी पैसा. त्यांनी व्यवस्थापक म्हणून नेलं कुणाला? बँक्रॉफ्टला. त्याच्यासोबत कॅचर बेनेट, आउटफिल्डर जॉर्ज वुड, आर्ट व्हिटनी आणि तो ९-३ आउट करणारा लॉन नाइट, हे सगळे १८८१ मध्ये डेट्रॉइटकडून खेळताना दिसतात. खेळाडू राखून ठेवण्याचा नियम तेव्हा होता, पण प्रत्येक संघाला फक्त पाच जणांपुरता, आणि राखलेल्याला पगार द्यायची ऐपतही लागतेच. पहिल्या बेसवरचा चब सलिव्हन तर क्षयानं आजारी पडला आणि सप्टेंबर १८८१ मध्ये ऐन पंचविशीत गेला. त्याच्यासाठी संघानं बाहीवर काळी फीत बांधून सामने खेळले. १२ जूनच्या संघातला निम्मा कणा एका वर्षात नाहीसा झाला. १८८१ चा निकाल: ३२ विजय, ५० पराभव, शेवटचा क्रमांक. डेट्रॉइट त्याच वर्षी ४१-४३ सह चौथा. दोन्ही संघांच्या १८८० आणि १८८१ च्या खेळाडूंच्या याद्या शेजारी ठेवून पाहा, कोणत्या शहराचे विजय कुठून आले ते वेगळं सांगावं लागणार नाही.

दुसरा परिणाम वर्षभरानं. सिनसिनाटीची मंडळी गप्प बसली नाहीत. नोव्हेंबर १८८१ मध्ये कायलर आणि इतरांच्या पुढाकारानं अमेरिकन असोसिएशन ही दुसरी लीग स्थापन झाली. नॅशनल लीगचं तिकीट ५० सेंटचं, यांचं २५ सेंटचं. बीअरला परवानगी, जिथे कायदा आड येत नाही तिथे रविवारी सामने. १८८२ मध्ये त्यांचे सहा संघ उतरले: सिनसिनाटी, सेंट लुई, लुईव्हिल, पिट्सबर्ग, बाल्टिमोर आणि फिलाडेल्फिया. म्हणजे नॅशनल लीगनं मोकळ्या सोडलेल्या फिलाडेल्फियाच्या ८,४७,००० लोकांच्या शहरात प्रतिस्पर्धी येऊन बसला, आणि नॅशनल लीग मात्र ट्रॉय आणि वूस्टरमध्ये रिकाम्या बाकांसमोर खेळत होती.

पाहुण्या संघाला गेटच्या पैशात वाटा मिळायचा. शिकागो किंवा क्लीव्हलँडच्या खेळाडूंना आगगाडीनं वूस्टरपर्यंत आणायचं, हॉटेलात ठेवायचं, आणि दोनशे-तीनशे प्रेक्षकांच्या वाट्यातून ते भागवायचं, हे जमणारं नव्हतं. म्हणून वूस्टरमधला प्रत्येक सामना फक्त वूस्टरचा तोटा नव्हता, सगळ्या लीगचा होता. परफेक्ट गेमच्या दिवशीसुद्धा मैदानावर हजाराच्या आतच माणसं होती. ज्या संघाच्या सगळ्यांत चांगल्या वर्षात ही गर्दी, त्याच्या वाईट वर्षात काय होणार?

१८८२ मध्ये ते झालं. फ्रीमन ब्राउन, टॉमी बाँड आणि जॅक चॅपमन असे तीन व्यवस्थापक एकाच हंगामात होऊन गेले. १८ विजय, ६६ पराभव. त्या १८ पैकी १४ पुन्हा रिचमंडचेच. एप्रिलमध्ये हल्बर्ट वारला होता. लहान गावांबद्दल त्याला विशेष प्रेम होतं असं नाही, पण न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाला शिक्षा देण्याचा त्याचा निर्णय तो असेपर्यंत टिकला. तो गेल्यावर बाकीच्या मालकांनी दुसऱ्या लीगकडे बघून झटपट हिशोब केला. सप्टेंबरमध्ये, हंगाम संपायच्या आधीच, सहा विरुद्ध दोन मतांनी ट्रॉय आणि वूस्टरला निरोप द्यायचं ठरलं. विरोधातली दोन मतं कुणाची असणार हे उघड आहे.

दोन्ही संघांनी उरलेले सामने मात्र पुरे केले, आणि शेवटचे सामने नेमके एकमेकांशीच होते, वूस्टरच्या मैदानावर. २८ सप्टेंबर १८८२ ला प्रेक्षक आले ६. दुसऱ्या दिवशी, वूस्टरच्या अखेरच्या सामन्याला, १८. मेजर लीगमध्ये लोकांसाठी मैदान उघडं असताना नोंदलेली सहाहून कमी उपस्थिती माझ्या पाहण्यात नाही. २०१५ मध्ये बाल्टिमोरचा एक सामना आणि २०२० मधले करोनाकाळातले सामने प्रेक्षकांविना झाले, पण तिथे दरवाजेच बंद होते. मला त्या सहा जणांबद्दल आदर वाटतो, आणि हकालपट्टी झाल्यावरही तक्त्यातला शेवटचा रकाना भरेपर्यंत खेळणाऱ्या खेळाडूंबद्दल त्याहून जास्त.

आता फिलीजचा प्रश्न. लीगनं ट्रॉयच्या जागी न्यूयॉर्क आणि वूस्टरच्या जागी फिलाडेल्फिया घेतलं, एवढं खरं. त्यावरूनच "वूस्टर फिलाडेल्फियाला गेला" ही समजूत पसरली. पण बाजारपेठेतला एक गाळा रिकामा झाला आणि तिथे दुसऱ्यानं दुकान थाटलं, म्हणून तो आधीच्या दुकानदाराचा वारस होत नाही. फिलीजची उभारणी अल रीच आणि जॉन रॉजर्स यांनी नव्यानं केली. वूस्टरचा संघ त्यांनी विकत घेतला नाही, आणि वूस्टरचे खेळाडू उचलून तिकडे नेले असंही झालं नाही. ट्रॉयशी ताडून पाहिलं तर फरक लगेच कळतो: ट्रॉयचे बक युइंग, रॉजर कॉनर, मिकी वेल्श हे खेळाडू न्यूयॉर्कच्या नव्या संघात खरोखर गेले, तरीही ट्रॉय आणि न्यूयॉर्क हे दोन वेगळे संघच धरले जातात. वूस्टर आणि फिलीजमध्ये तेवढाही धागा नाही.

वूस्टरची माणसं गेली ती अशी. रिचमंड आणि अर्विन प्रॉव्हिडन्सला. रिचमंडचा हात तोपर्यंत संपलेला होता. १८८३ मध्ये तो ३-७ असा राहिला. पुढे तो डॉक्टर झाला, आणि नंतर ओहायोतल्या टोलेडोत वर्षानुवर्षं शाळेत शिकवत राहिला. बेनेट डेट्रॉइटचा लाडका झाला. १८९४ मध्ये रेल्वे अपघातात त्याचे पाय गेले, आणि १८९६ मध्ये डेट्रॉइटनं नव्या मैदानाला बेनेट पार्क हे नाव दिलं. स्टोव्ही फिलाडेल्फियाला गेला खरा, पण फिलीजकडे नाही. तो गेला त्याच शहरातल्या अमेरिकन असोसिएशनच्या अ‍ॅथलेटिक्सकडे. तिथे व्यवस्थापक कोण, तर लॉन नाइट. १८८३ मध्ये स्टोव्हीनं १४ होम रन मारून तेव्हाचा विक्रम केला आणि अ‍ॅथलेटिक्सनं त्यांच्या लीगचं विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी, त्याच शहरात, फिलीजचा पहिला हंगाम १७ विजय आणि ८१ पराभव असा गेला. वूस्टरचा वारसा फिलाडेल्फियात शोधायचाच असेल तर तो रीचच्या संघात नाही, स्टोव्ही आणि नाइटच्या अ‍ॅथलेटिक्समध्ये शोधा.

मैदानाची जागा आता वस्तीत गेली आहे. सेव्हर स्ट्रीटच्या परिसरात परफेक्ट गेमची आठवण सांगणारी एक ग्रॅनाइटची शिला उभी आहे. २०२१ पासून बोस्टन रेड सॉक्सचा दुय्यम संघ पोलर पार्क या नव्या मैदानावर खेळतो आणि वूस्टरमध्ये पुन्हा व्यावसायिक बेसबॉल पाहायला मिळतं. पण मेजर लीगचा संघ त्या गावाला १८८२ नंतर परत मिळाला नाही.

तुम्ही यावर तक्ता किंवा लेख करणार असाल तर नोंद अशी करा: वूस्टर, नॅशनल लीग, १८८० ते १८८२, विजय ९०, पराभव १५९, संघ बंद. "रुबी लेग्ज" किंवा "ब्राउन स्टॉकिंग्ज" ही नावं पुढच्या काळात चिकटलेली आहेत. त्या वेळच्या तक्त्यांत फक्त गावाचं नाव असतं, तेच वापरा. फिलीजचा रकाना १८८३ पासून स्वतंत्र सुरू करा आणि दोन्हींमध्ये बाण काढू नका.